न्हाणीघरातला इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड उभे राहतात, तहनामे येतात, राजांच्या वंशावळी येतात. शाळेत आपण तोच शिकलो आणि बहुतेक तोच शिकवतो. परंतु घराच्या मागल्या अंगाला, चुलीवर हंडा तापतो त्या न्हाणीतही इतिहास आहे असे कोणी म्हटले, तर तुम्ही क्षणभर हसाल. तिथे ना सनद, ना शिक्का. एका कोनाड्यात शिकेकाईचा डबा, दुसऱ्यात तेलाची बुधली, खाली पाय घासायची वज्री. यांत इतिहास कसला?

आहे, मंडळी, आणि तो चांगला जुना आहे. केसांची आणि कातडीची निगा माणसाने कशी राखली, ते ज्ञान कोणी सांभाळले, कोणाला मिळाले, कोणाला नाकारले गेले, आणि अगदी अलीकडे ते परक्या देशाच्या कचेरीत कसे वादात सापडले, ही सगळी हकिकत तुमच्या-आमच्या घरातूनच जाते. ती मी येथे थोडक्यात सांगणार आहे. सांगण्यामागे एक हेतूही आहे. तो शेवटी येईल.

प्रथम शब्दांकडे पाहू. शब्द हे इतिहासाचे सर्वांत स्वस्त साधन आहे. त्यासाठी दप्तरखान्यात जावे लागत नाही. आपल्या भाषेत अंघोळ वेगळी आणि न्हाणे वेगळे. रोज अंगावर पाणी घेतो ती अंघोळ. बाई 'आज न्हायले' म्हणते तेव्हा केसांवरून पाणी घेतले असा तिचा अर्थ असतो. 'न्हाऊमाखू घालणे' यातले माखणे म्हणजे तेल चोळणे. 'उटणे' हा शब्द संस्कृतातल्या 'उद्वर्तन' या शब्दापासून झिजत झिजत आला. 'रिठा' हा मूळचा 'अरिष्टक'. 'शिकेकाई' मात्र दक्षिणेकडची पाहुणी. तमिळमध्ये 'शिकै' म्हणजे शेंडी, केसांचा झुबका. आणि 'काय' म्हणजे कच्चे फळ किंवा शेंग. केसांची शेंग, एवढा सरळ अर्थ. 'साबण' समुद्रावरून आला. कोणी त्याचे मूळ अरबी 'साबून'मध्ये शोधतात, कोणी पोर्तुगिजांच्या बोलीत. दोन्ही शब्द एकमेकांचे दूरचे नातलगच आहेत.

आणि शाम्पू? हा शब्द विलायती वाटतो, पण तो आपल्याकडूनच तिकडे गेला. हिंदीत 'चाँपना' म्हणजे चेपणे, दाबणे. अठराव्या शतकात इंग्रजांनी तो उचलला तेव्हा त्याचा अर्थ अंग चेपून घेणे एवढाच होता. पाटण्याला १७५९ साली जन्मलेले शेख दीन महंमद कंपनीच्या फौजेबरोबर हिंडले, पुढे विलायतेत स्थायिक झाले, आणि १८१४ च्या सुमारास त्यांनी ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी वाफेच्या स्नानाचे आणि मालिशचे घर थाटले. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांच्या मालिशवैद्याचा मान त्यांना मिळाला. शाम्पू म्हणजे केस धुणे हा अर्थ त्यानंतर, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रूढ झाला. आपला शब्द नवा अर्थ अंगावर घेऊन, बाटलीत बसून परत आला, असे म्हणायला हरकत नाही.

तेव्हा एका न्हाणीत किती भाषा नांदतात ते पाहा. 'घरगुती' म्हणजे घरातच जन्मलेले असे नव्हे. घराने पारखून आपलेसे केले ते घरगुती.

आता ग्रंथांकडे वळू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात माणसाने रोज काय करावे हे सांगताना अभ्यंगाचे, म्हणजे अंगाला तेल लावण्याचे, मोठे महत्त्व सांगितले आहे. तिथे दिलेले दृष्टान्त शेतकऱ्याला चटकन पटावेत असे आहेत. तेल मुरलेली घागर टिकते, तेल चोळलेले चामडे टिकते, वंगण दिलेला गाडीचा आस टिकतो. तसेच तेल लावलेले शरीर कष्ट सोसते. राजवैद्याची ही भाषा नव्हे. बैलगाडी रोज पाहणाऱ्या माणसाची आहे.

पुढे वाग्भटाने अष्टांगहृदयात दिनचर्येचा एक अध्यायच घातला. तेल रोज लावावे, त्यातही डोके, कान आणि पाय यांना विशेष लावावे, असे तो सांगतो. ऊन पाण्याने मानेखालचे अंग धुतले तर बळ येते; पण तेच कडक पाणी डोक्यावरून घेतले तर केसांना आणि डोळ्यांना बाधक, असेही बजावतो. अपचन झाले असता अभ्यंग करू नये, हाही निर्बंध आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवा. जुना ग्रंथकार नुसते 'हे लावा' म्हणून थांबत नाही. कोणी लावू नये आणि कधी लावू नये हेही लिहितो. पुढे या गोष्टीचे आपल्याला काम पडणार आहे.

वराहमिहिर हा सहाव्या शतकातला ज्योतिषी. त्याच्या बृहत्संहितेत पाऊस, पिके, घरबांधणी यांच्या जोडीला केस काळे करण्याची कृतीही आहे. कोद्रू, म्हणजे कोकणात ज्याला हरीक म्हणतात, ते धान्य आंबवलेल्या आंबट द्रवात लोखंडाच्या भांड्यात, लोखंडाच्या चुऱ्यासह शिजवायचे. त्याचा लेप केसांवर द्यायचा, वरून ओली पाने बांधायची. दोन प्रहरांनी तो काढून आवळ्याचा लेप द्यायचा, पुन्हा पाने बांधायची, आणि मग धुवायचे. त्यानंतर लोखंडाचा आंबूस वास जावा म्हणून सुगंधी तेल.

ही कृती वाचून शाळेतल्या गुरुजींना शाईची आठवण व्हावी. हिरडा आणि हिराकस एकत्र केले की काळी शाई होते ना? हिरड्यातले तुरट द्रव्य आणि हिराकसातले लोह यांचा संयोग काळा असतो. आवळाही तसाच तुरट. आंबट द्रवाने लोखंड विरघळायचे आणि आवळ्याने ते केसांवर काळे व्हायचे. आजही कितीतरी बाया मेंदी, आवळकाठी आणि चहाचे पाणी रात्रभर लोखंडी कढईत भिजवतात. कढई लोखंडीच का, हे विचारले तर 'तशीच रीत आहे' असे उत्तर मिळते. त्या रीतीमागे निदान चौदाशे वर्षांचे रसायन आहे.

कल्याणीच्या चालुक्यांपैकी राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात, ११२९ च्या सुमारास, मानसोल्लास हा ग्रंथ सिद्ध केला. ती कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण, आपल्या उस्मानाबाद-लातूरच्या शेजारचे. (उस्मानाबादचे नाव आता धाराशिव झाले आहे.) राजाने स्नान कसे करावे याचे त्यात सविस्तर वर्णन आहे: फुलांचा वास दिलेले तिळाचे तेल, मर्दन, मग सुगंधी चूर्णांचे उटणे. त्यानंतर शंभर-दीडशे वर्षांनी, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, महानुभावांच्या लीळाचरित्रात 'मर्दना-मादणे' हा जोडशब्द पुन्हापुन्हा भेटतो. मादणे म्हणजे स्नान. राजाच्या संस्कृत पोथीतला विधी साध्या मराठी बोलीतही नांदत होता, याची ही खूण.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात हस्तलिखितांची राखण करणारे परशुराम कृष्ण गोडे हे एक थोर अभ्यासक होऊन गेले. १९६१ साली त्यांचे निधन झाले. मेंदी केव्हापासून वापरतात, सुगंधी तेले कशी करीत, अशा प्रश्नांवर त्यांनी चिकाटीने लेख लिहिले. लढायांच्या मागे धावणाऱ्या त्या काळात ही मोठीच गोष्ट होती. गंधसार आणि गंधवाद या सुगंधविद्येवरील दोन ग्रंथांच्या हस्तलिखिताकडे त्यांनीच विद्वानांचे लक्ष वेधले. गंधवादावर चक्क मराठी टीका आहे! म्हणजे तेल-चूर्णांची विद्या मराठीतून लिहून ठेवावी असे कोणाला तरी पूर्वीच वाटले होते.

पण हे सारे झाले पोथीतले. पोथी लिहिली पंडितांनी, राजांच्या आश्रयाने. खेड्यातल्या न्हाणीत जे चालले होते ते मुख्यतः बायकांच्या हातात होते, आणि त्याची पोथी कोणी लिहिली नाही. त्याचे माप तोळ्या-माशात नव्हते. ते चिमटीत, मुठीत आणि ओंजळीत होते. मुलगी सासरी जाताना माहेरची मूठ घेऊन जायची. तिथे सासूची मूठ वेगळी. दोन्ही मिळून तिसरी तयार व्हायची.

शिवाय मुलूख बदलला की न्हाणीतला डबा बदले. कोकणात आणि गोव्यात खोबरेल; देशावर तीळ, करडई, कारळे यांचे तेल, गावच्या तेल्याच्या लाकडी घाण्यातले. कोकणात रातांब्याच्या बियांचे भिरंडेल थंडीत फुटलेल्या टाचांना लावीत. मुठीत दाबून गोळा करतात म्हणून त्याला मुठेलही म्हणतात. खरजेवर करंजेल. शिकेकाईत रिठा, आवळकाठी, नागरमोथा, गव्हला, कचोरा, मेथ्या. जे ज्या घरी मिळेल ते. उटण्यात मसुराचे किंवा हरभऱ्याचे पीठ, आंबेहळद, वाळा, संत्र्याची वाळवलेली साल. आणि जिथे यातले काहीच परवडत नव्हते तिथे नदीकाठची काळी माती. तिनेही केस स्वच्छ होतात, हे अनेक म्हाताऱ्या आजही सांगतील.

शिकेकाई केस कशी स्वच्छ करते? तिच्या शेंगेत आणि रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. त्याच्या कणाचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे तेलाला. म्हणून ते केसांवरचे तेल आणि त्याला चिकटलेला मळ उचलून पाण्यात सोडते. साबणही हेच करतो. पण विहिरीच्या जड पाण्यात चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात, आणि साबण त्यांच्याशी मिळून चिकट साका धरतो. तो साका केसांवर बसला की केस राठ होतात. सॅपोनिनचा तसा साका होत नाही. शिवाय साबण क्षारधर्मी, शिकेकाईचे पाणी किंचित आम्लधर्मी. म्हणून केसांना ते सौम्य पडते. पैठणी, शालू आणि लोकरी शाल रिठ्याच्या पाण्यात धुण्याची चाल होती, ती याच कारणाने. देशावरच्या जड पाण्याच्या गावी बायका 'साबणाने केस चिकट होतात' म्हणत, ते खोटे नव्हते.

मात्र जुन्या न्हाणीचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. ही न्हाणी सर्वांना खुली नव्हती. ज्या वस्तीला गावच्या पाणवठ्याला हात लावू देत नव्हते, तिथे न्हाणे कसले आणि अभ्यंग कसले? गावचा न्हावीही त्यांच्या डोक्याला वस्तरा लावीत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा ते पिण्याच्या पाण्यापुरते भांडण नव्हते. माणूस म्हणून जगण्याचे होते. आणि उच्च म्हणवणाऱ्या घरांतही विधवेच्या वाट्याला तेल नाही, उटणे नाही, कुंकू नाही. कित्येक जातींत केसही नाहीत. सत्यशोधक विचारांच्या प्रेरणेने मुंबईतल्या न्हावी मंडळींनी १८९० साली एकत्र येऊन विधवांचे केशवपन आपण करणार नाही, असे ठरवले. केसांच्या इतिहासात राजा सोमेश्वराच्या सुगंधी तेलापेक्षा त्या वस्तरा खाली ठेवणाऱ्या हातांचे पान मला मोठे वाटते.

आता साबणाकडे येऊ. १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात विलायतेच्या लिव्हर बंधूंच्या 'सनलाइट' साबणाच्या पेट्या उतरल्या. १८९५ मध्ये 'लाइफबॉय' आला. साबणात जनावराची चरबी असते म्हणून पुष्कळ घरांनी तो प्रथम उंबऱ्याबाहेर ठेवला. १९१८ च्या सुमारास मुंबईत आर्देशीर गोदरेज यांनी चरबी न घालता वनस्पतींच्या तेलांपासून अंगाचा साबण काढला, आणि स्वदेशीच्या वाऱ्यावर तो घरोघर गेला. त्याआधी दोन वर्षे, १९१६ मध्ये, म्हैसूर संस्थानाने साबणाचा सरकारी कारखाना सुरू केला होता. पहिल्या महायुद्धामुळे चंदन युरोपात जाईना, ते साठून राहिले. त्या अडचणीतून चंदनाच्या तेलाचा साबण निघाला. १९८० च्या दशकात तमिळनाडूतून शाम्पूच्या छोट्या पुड्या निघाल्या, आणि आठवड्याच्या बाजारातून शिकेकाईची टोपली हळूहळू मागे सरली.

याचे नुसते दुःख करू नये. साबणाने माणसांचे आयुष्य वाढवले आहे. सुईणीचे हात, स्वयंपाकाचे हात, शौचाहून आल्यावरचे हात यांना साबणच पाहिजे; तिथे उटण्याचे काम नाही. पण साबण आला तेव्हा एक गोष्ट नकळत घडली. न्हाणीतले ज्ञान जुनाट ठरले आणि ते विचारायचे बंद झाले.

ते जुनाट नव्हते, हे आपल्याला कळले ते एका खटल्याने. १९९५ च्या मार्चमध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एक पेटंट मिळाले. कशाचे? जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे! आपल्याकडे चूल पेटवताना बोट भाजले तरी पोरगी हळदीच्या डब्याकडे धावते. मग हे नवे संशोधन कसे? वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये त्याला हरकत घेतली. परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, मूळचे गोव्यातल्या माशेलचे, मुंबईत गरिबीत शिकलेले.

येथे नीट लक्ष द्या. 'आमच्या आज्या-पणज्या हळद लावीत आल्या' हे सांगून भागण्यासारखे नव्हते. त्या वेळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे परदेशात एखादी गोष्ट नुसती वापरात होती एवढ्याने ती जुनी ठरत नसे. ती कुठे तरी छापून प्रसिद्ध झालेली असावी लागे. म्हणजे कोट्यवधी बायकांच्या हाताची साक्ष शून्य, आणि छापील कागदाच्या एका चिटोऱ्याची साक्ष पक्की. परिषदेच्या लोकांनी संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथ धुंडाळले आणि बत्तीस संदर्भ पुढे ठेवले. त्यांतले काही शंभर वर्षांहून जुने. १९५३ साली भारतीय वैद्यक संघाच्या नियतकालिकात आलेला एक लेखही त्यांत होता. १९९७ च्या ऑगस्टमध्ये पेटंट कचेरीने ते दावे फेटाळले. पुढे कडुनिंबाच्या तेलापासून बुरशीनाशक करण्याचे युरोपातले पेटंटही २००० मध्ये रद्द झाले, आणि २००५ मध्ये तो निर्णय कायम झाला. परदेशातला वापरसुद्धा पुरावा मानावा, असा बदल अमेरिकेने आपल्या कायद्यात २०११ मध्ये केला.

या अनुभवानंतर २००१ मध्ये आपल्या सरकारने पारंपरिक ज्ञानाचा मोठा संग्रह सुरू केला. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांतील योग इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, जपानी भाषांत घालून परदेशच्या पेटंट कचेऱ्यांना पाहता यावेत, अशी व्यवस्था झाली. उत्तम काम झाले. परंतु तो संग्रह मुख्यतः ग्रंथांवर उभा आहे. जे पोथीत होते ते वाचले. जे आजीच्या मुठीत होते त्याचे काय?

मराठीत हा विचार पूर्वी झाला नव्हता असे नाही. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी 'आर्यभिषक्' आणि 'वनौषधिगुणादर्श' हे ग्रंथ लिहून गावोगावच्या वनस्पतींची माहिती सोप्या मराठीत आणली. डॉ. वामन गणेश देसाई यांचा 'औषधीसंग्रह' १९२७ मध्ये निघाला. पण ही औषधांची पुस्तके. न्हाणीतल्या रोजच्या रीती त्यांच्याही फटींतून पुष्कळ निसटल्या.

आता दुसरी बाजू. कोणी म्हणेल, 'एवढे सगळे जुने आणि आपले आहे, तर डोळे मिटून लावावे.' तसे मुळीच नाही. निसर्गातले म्हणून निर्धोक, हा समज घातक आहे. बिब्बाही निसर्गातलाच, त्याचे तेल कातडीला लागले तर फोड उठतात आणि डाग राहतात. उवा माराव्यात म्हणून सीताफळाच्या बियांची पूड डोक्याला लावतात. ती डोळ्यांत गेल्याने बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला इजा झालेले रुग्ण नेत्रवैद्यांनी नोंदले आहेत. त्याच कामासाठी रॉकेल लावून चुलीजवळ बसणे म्हणजे जिवाशी खेळ. लिंबाचा रस तोंडाला लावून उन्हात गेल्यास चट्टे उठतात. कोडावरची बावची खरोखरच गुणकारी द्रव्य बाळगते, आणि ऊन व त्या द्रव्याचा मेळ आधुनिक वैद्यांनीही वापरला. पण प्रमाण चुकले तर अंग भाजल्यासारखे फोड येतात. शेंदूर हा शिशाचा असतो. तो लेकराच्या कपाळाला नको. आणि गोरे करणाऱ्या बिननावाच्या मलमांत पारा सापडला आहे. तो मूत्रपिंडे बिघडवतो. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनी पाऱ्यावर कडक मर्यादा घातली आहे. तरीही बाजारातली नाव-पत्ता नसलेली डबी घरी आणू नये. मुळात सावळा रंग हा रोगच नव्हे. मग त्याला औषध कशाला?

आणखी एक फसगत सांगतो. कडक ताप येऊन गेला, किंवा बाळंतपण झाले, की दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळतात. घरचे घाबरतात, कुठले तरी तेल आणतात. थोड्या महिन्यांत केस परत येतात आणि तेलाचा बोलबाला होतो. खरे पाहता असे गळलेले केस बहुधा आपोआपच परत येतात. आधी तेल लावले आणि मागून केस आले, एवढ्यावरून तेलाने केस आले असे ठरत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा धडा नवा नाही: एका घटनेमागून दुसरी घटना घडली म्हणजे पहिली दुसरीचे कारण ठरत नसते.

मग परीक्षा कशी करावी? एक उदाहरण पाहा. खोबरेल केसाच्या आत काही अंशी शिरते आणि धुताना होणारी केसातल्या प्रथिनांची झीज कमी करते, असे मुंबईतल्या संशोधकांनी २००३ मध्ये मोजून दाखवले. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाने तसे झाले नाही. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते, हेही सांगायला हवे, म्हणजे वाचणारा आपली तारतम्यबुद्धी जागी ठेवील. मोजणे, आणि मोजणारा कोण हे सांगणे, ही दोन्ही परीक्षेचीच अंगे आहेत.

आणि परीक्षेत मागे पडले तर सोडून देण्याचेही धैर्य हवे. सुश्रुताने तुवरक नावाच्या झाडाच्या बियांचे तेल कुष्ठावर सांगितले आहे, आणि ही झाडे पश्चिम समुद्राच्या किनाऱ्याला होतात असे लिहिले आहे. तुवरक म्हणजे सह्याद्रीतले आपले कडू कवठ, असे अभ्यासक मानतात. त्याच जातकुळीच्या चौलमुगरा तेलावर हवाई बेटांत ॲलिस बॉल या तरुण कृष्णवर्णीय रसायनज्ञ बाईंनी १९१५ च्या सुमारास काम केले आणि ते सुईने टोचता येईल अशा रूपात आणले. १९१६ साली, अवघ्या चोविसाव्या वर्षी, त्या वारल्या. पुढे वीस-पंचवीस वर्षे कुष्ठरोगावर जगाला तेच औषध होते. १९४१ पासून सल्फोन वर्गाची औषधे आली, ती अधिक गुणकारी ठरली, आणि कडू कवठाचे तेल सन्मानाने निवृत्त झाले. त्यात कोणाचा अपमान झाला नाही. आज कातडीवर बधिर चट्टा दिसला तर कोणी कवठ शोधत बसू नये. सरळ सरकारी दवाखान्यात जावे. तिथे औषध फुकट मिळते आणि रोग बरा होतो.

आता मी मघा म्हटलेला हेतू सांगतो. शिक्षक मंडळींना माझी विनंती आहे. सातवी-आठवीच्या मुलामुलींना एक वही घालायला सांगा. घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या बायकांना विचारून त्यांनी लिहावे: वनस्पतीचे आपल्या गावातले नाव, शेजारच्या तालुक्यातले नाव, झाडाचा कोणता भाग, कोणत्या ऋतूत काढला, किती मूठ, किती पाणी, कोणाकडून शिकलात. आणि सर्वांत महत्त्वाचा रकाना: कोणाला सोसले नाही, काय अपाय झाला. वाग्भटाने तो रकाना सोडला नव्हता. आपणही सोडू नये. झाडाची एक डहाळी जुन्या वर्तमानपत्रात दाबून, वाळवून वहीला जोडावी, म्हणजे नावाचा घोटाळा होणार नाही. सांगणाऱ्या बाईचे नाव तिच्या परवानगीने लिहावे, आणि तिला नको असेल तर लिहू नये. मूल स्वतःच्या अंगावर प्रयोग करणार नाही, हे आधी बजावावे. मोठ्यांनीही नवा लेप थोडासा कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस पाहावे.

या वहीला कायद्याचाही आधार आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. माधव गाडगीळांसारख्या शास्त्रज्ञांनी या कल्पनेचा पाया घातला. तुमच्या गावाची ती वही मागून घ्या आणि उघडून पाहा. झाडे, पाखरे, पिके यांच्या यादीत तुमच्या न्हाणीतल्या शिकेकाईचे, उटण्याचे आणि काळ्या मातीचे पान आहे का? नसेल तर मुलांच्या वहीतून ते तिथे उतरवता येईल.

हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही. मानसोल्लासाची पोथी नऊशे वर्षे टिकली, कारण ती लिहिली गेली होती. ज्यांनी साबणापूर्वीची न्हाणी पाहिली त्या बाया आता थोड्या उरल्या आहेत, आणि त्यांच्यापाशी पोथी नाही. दिवाळीची सुट्टी हा त्यासाठी चांगला मुहूर्त आहे. उटण्याचा विषय घरात तेव्हा आपोआपच निघतो. मुलांना त्याच सुट्टीचा अभ्यास म्हणून ही वही द्यावी, आणि शाळा उघडल्यावर वर्गात मोठ्याने वाचून घ्यावी.